आपल्याविषयींची कुजबूज कानीं आली असतां

मनुष्य चार माणसांत राहतो, आणि जेथें चार माणसें जमतात तेथें पांचव्याची गोष्ट निघतेच. मंचरच्या किंवा नारायणगांवच्या बाजारांत, ओतूरच्या एस्. टी. थांब्यावर, घोडेगांवच्या पारावर, किंवा आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टींत पांच मिनिटें उभे राहून ऐकावें. बोलणें बहुतेक माणसांविषयीं चाललेलें आढळेल. त्यांत नेहमींच वाईट हेतु असतो असें नाहीं. कोणाच्या विहिरीला पाणी लागलें, कोणाचा मुलगा मुंबईस नोकरीस लागला, कोणाची म्हातारी आई अंथरुणास खिळली, ह्या बातम्यांवरच गांवाचें गांवपण चालतें. परंतु ह्याच बोलण्यांत एखादे वेळीं आवाज खालीं येतो, बोलणारा एकवार मागें वळून पाहतो, आणि "तुला म्हणून सांगतों" अशी प्रस्तावना करतो. तेथें गोष्ट संपते आणि कुजबूज सुरू होते.

कुजबूज करणारानें काय पाप केलें ह्याविषयीं उपदेश पुष्कळ झाले आहेत. प्रस्तुत लेखांत दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे. ज्याच्याविषयीं ही कुजबूज चालते त्याच्या कानीं ती एके दिवशीं येते. त्या वेळीं त्याच्या मनांत काय घडतें, आणि जें घडतें त्याचें त्यानें काय करावें, हा प्रश्न आहे. विद्यार्थिदशेंत हा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं असा मनुष्य विरळा.

आपल्या भाषेंत ह्या प्रकाराला शब्द थोडे नाहींत. वरिष्ठांकडे जाऊन दुसऱ्याचें उणें सांगणें ती चहाडी. रिकामपणीं लोकांच्या दोषांची उजळणी करणें ती कुटाळकी. मूळ कोणी सांगितलें हें ठाऊक नसतां जी गांवभर पसरते ती वदंता किंवा आवई. आणि जी मुद्दाम रचून सोडतात ती कंडी. बोलणाराच्या कृत्याला इतकीं नांवें आहेत. परंतु ऐकणाराच्या मनाला जी जखम होते तिला एकहि नेमकें नांव सहज आठवत नाहीं. म्हणून ती जखम प्रथम नीट पाहिली पाहिजे.

आपल्याविषयीं कांहीं बोललें जात आहे असें कळतांच आधीं शरीर बोलतें. कान तापतात, तोंडाला कोरड पडते, छातींत धडधड होते, पाय जागच्या जागीं खिळतात. त्यानंतर मनांत चार पाहुणे एकामागून एक येतात. पहिली येते लज्जा. चमत्कार असा कीं, मनुष्य सर्वस्वी निर्दोष असला तरी ती येतेच. कारण त्या क्षणीं तो स्वतःला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत नसून लोकांच्या डोळ्यांनीं पाहत असतो. दुसरा येतो क्रोध. तो खऱ्या अपराध्यावर क्वचितच पडतो. बहुधा ज्यानें ती बातमी आणून सांगितली त्याच्यावर, किंवा घरीं धाकट्या भावंडांवर पडतो. तिसरा शोक. बोलणारा परका असेल तर हा येत नाहीं. परंतु बोलणारी आपलीच मैत्रीण, आपलाच बाकावरचा सोबती आहे असें कळलें म्हणजे क्रोधापेक्षांहि हा जड होतो. चौथा आणि शेवटचा येतो संशय. पहिले तीन कांहीं दिवसांनीं निघून जातात. हा मात्र घर करून राहतो. वऱ्हांड्यांत दोघे हंसले कीं वाटतें, आपल्यालाच हंसले. वर्गांत शिरतांच बोलणें थांबलें कीं वाटतें, आपलेंच चाललें होतें.

ह्या वेदनेला कोणी नुसता मनाचा खेळ म्हणूं नये. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं इ. स. २००३ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत माणसांना संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळावयास दिला, आणि कांहीं वेळानें इतर खेळाडूंनीं त्यांच्याकडे चेंडू टाकणेंच बंद केलें असें दाखविलें. त्याच वेळीं त्यांच्या मेंदूचीं छायाचित्रें घेतलीं. शरीराला इजा झाली असतां मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यांपैकीं कांहीं भाग ह्या साध्या उपेक्षेनेंहि जागा झालेला आढळला. क्षुल्लक खेळांतून वगळलें गेल्यानें इतकें होतें, तर ज्या गांवांत जन्म घालवावयाचा त्या गांवाच्या बोलण्यानें किती होत असेल ह्याचा विचार करावा. "लोक बोलतात तें मनावर घेऊं नये" असें सांगणारानें हें लक्षांत ठेवावें.

ह्यांत निर्दोष मनुष्याची आणखी एक कोंडी होते. तो रागावला, तर लोक म्हणतात, "खाई त्याला खवखवे." तो गप्प राहिला, तर शास्त्राधार तयारच आहे कीं मौन हें संमतीचें लक्षण. तो रडला, तर म्हणतात, आग असल्याशिवाय धूर कसा निघेल? म्हणजे त्याच्या मुखावर कोणतीहि भावना दिसली तरी ती त्याच्याविरुद्ध साक्षीस उभी राहते. ह्या म्हणी इतर ठिकाणीं कितीहि शहाणपणाच्या असोत, येथें त्या अन्याय करतात. तापलेले कान आणि भरून आलेले डोळे हा अपराधाचा पुरावा नव्हे. त्यांवरून इतकेंच सिद्ध होतें कीं त्या मनुष्याला मन आहे.

आतां ही जखम इतकी खोल कां जाते, तें पाहूं. व्याकरणांत तुम्ही तीन पुरुष शिकतां. बोलणारा तो प्रथम पुरुष, मी. ज्याच्याशीं बोलावयाचें तो द्वितीय पुरुष, तूं. आणि ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो तृतीय पुरुष, तो किंवा ती. कोणी समोर येऊन "तूं चुकलास" म्हणाला, तर कितीहि कठोर बोलला तरी त्यानें आपल्याला "तूं" म्हटलें आहे. आपल्याला उत्तर देतां येतें, भांडतां येतें, क्षमा मागतां येते. कुजबुजींत मात्र आपण "तो" किंवा "ती" होऊन बसतों. आपल्याच गोष्टींत आपल्याला बोलावयास जागा उरत नाहीं. न्यायसभा भरते, साक्षी होतात, निकाल लागतो, आणि आरोपीला मागाहून कळतें कीं असा कांहीं खटला होता. निंदेच्या शब्दांपेक्षां ही उत्तर देण्याची बंदी माणसाला अधिक जाळते. आणि रोगाचें मूळ येथें असेल तर औषधहि येथेंच शोधलें पाहिजे, म्हणजे तृतीय पुरुष झालेल्या माणसाला पुन्हां द्वितीय पुरुषांत आणलें पाहिजे.

ह्याचें उदाहरण आपल्याच तालुक्याच्या वाटेवरचें आहे. जुन्नर तालुक्यांतील आळे गांवीं एका रेड्याची समाधि आहे. पैठणास ज्ञानदेवांनीं ज्याच्या मुखें वेद बोलविला अशी कथा आहे, तोच हा रेडा. चौघां भावंडांबरोबर परत येतांना त्यानें येथें देह ठेवला असें परंपरा सांगते. तीं चार भावंडें पैठणास कां गेलीं होतीं? विठ्ठलपंतांनीं संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेनें पुन्हां संसार केला, म्हणून त्यांच्या कुटुंबाला वाळींत टाकलें होतें. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ह्यांना लोक "संन्याशाचीं पोरें" म्हणत. मुलांचा स्वतःचा अपराध कोणताहि नव्हता. तरी शुद्धिपत्र मिळविण्यासाठीं त्यांना आळंदीहून पैठणाची वाट धरावी लागली.

परंपरेंत आणखी एक प्रसंग सांगतात. लोकांच्या टोचून बोलण्यानें एकदां ज्ञानदेवांचें मन इतकें दुखावलें कीं ते झोपडींत गेले आणि त्यांनीं आंतून ताटी लावून घेतली. ज्यांनीं पुढें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली त्या पुरुषालाहि लोकांचें बोलणें लागलें. तें लागणें हा मनाचा दुबळेपणा असता तर परंपरेनें ही गोष्ट जपून ठेवली नसती. पुढें काय झालें? धाकटी बहीण मुक्ताबाई दाराशीं आली. लोक काय म्हणतात ह्याची तिनें चौकशी केली नाहीं, कीं "तूं कांहीं मनावर घेऊं नकोस" एवढें म्हणून निघून गेली नाहीं. तिनें भावाला नांवानें हांक मारली, त्याला त्याच्या मोठेपणाची आठवण दिली, आणि दार उघडण्याची विनवणी केली. हेच ताटीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहेत. सगळा गांव ज्याला "तो" म्हणत होता, त्याला एका मुलीनें "तूं" म्हटलें. दार उघडलें तें ह्यामुळें.

आतां कुजबूज कशी वाढते तेंहि समजून घेतलें पाहिजे; कारण तें समजलें म्हणजे भय निम्में होतें. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळीं घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असें सांगतात. बातमीचेंहि असेंच आहे. ती ज्या ज्या माणसाच्या मुखांतून जाते तो तो तिच्या रांजणांत आपलें एक नाणें टाकतो, आणि आपली जकात म्हणून तिच्यांतील कांहीं काढूनहि घेतो. ऑलपोर्ट व पोस्टमन ह्या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं इ. स. १९४७ मध्यें अफवांवर ग्रंथ लिहिला. एका चित्राचें वर्णन एकानें दुसऱ्याला, दुसऱ्यानें तिसऱ्याला, असें पांचसहा मुखांतून गेलें म्हणजे मूळ तपशिलापैकीं जवळजवळ सत्तर टक्के गळून जातो, असें त्यांना आढळलें. जो उरतो तो अधिक ठळक होतो आणि सांगणाराच्या पूर्वग्रहाप्रमाणें वळतो. तेव्हां तुमच्याविषयींची जी गोष्ट सहा कानांतून फिरून तुमच्या कानीं येते, तिच्यांत तुम्ही किती आणि सांगणारे किती, हें पाहावें. पुष्कळदां पहिला बोलणारा आपलेंच वाक्य ओळखणार नाहीं अशी स्थिति असते.

दुसरें भय असें कीं, "आतां सगळ्यांना कळलें." हेंहि तपासून पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं इ. स. २००० मध्यें एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला ज्याची लाज वाटावी असें चित्र असलेला सदरा घालावयास दिला, व त्याला इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलींत पाठविलें. मग त्याला विचारलें, "कितीजणांनीं हें चित्र पाहिलें असेल?" अशा विद्यार्थ्यांचा अंदाज सुमारें निम्म्यांचा होता, प्रत्यक्षांत पाहणारे सुमारें चतुर्थांश निघाले. ज्याला लाज वाटते त्याला सगळें जग आपल्याकडे पाहत आहे असें वाटतें. वास्तविक जग आपापल्या कांद्याच्या भावांत, परीक्षेंत आणि पोटदुखींत गुंतलेलें असतें.

एवढें मन स्थिर झालें म्हणजे पुढचें काम बुद्धीचें आहे. आपल्या भागांत बिबट्या आल्याची आवई वारंवार उठते. तेव्हां वनखात्याचे जाणते कर्मचारी कोण काय म्हणतो एवढ्यावर न थांबतां मातींतील ठसे पाहतात. कोठें ठसा बिबट्याचा निघतो, कोठें तो तरसाचा किंवा कुत्र्याचा निघतो. आपल्याविषयींच्या बोलण्याचेंहि असेंच करावें. त्याच्या खालीं आपल्याच पावलाचा ठसा आहे काय, तें आधीं एकान्तांत पाहावें. उत्तर तीन प्रकारचें येईल: बोलणें खरें असेल, अर्धें खरें असेल, किंवा अगदींच खोटें असेल.

खरें असेल तर उपाय कठीण असला तरी सरळ आहे. बोलणाराची रीत वाईट होती म्हणून आपला दोष नाहींसा होत नाहीं. तो दुरुस्त करावा. अर्ध्या सत्याचें प्रकरण मात्र अधिक अवघड असतें. त्याचा प्रसिद्ध दाखला पुण्यांतच घडला. इ. स. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका समारंभास शहरांतील नामांकित मंडळी गेली होती. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले असे गृहस्थ त्यांत होते. मिशनच्या लोकांनीं चहा पुढें केला. कोणी घेतला, कोणी केवळ शिष्टाचार म्हणून पेल्याला हात लावला. पुढें गोपाळराव जोशी ह्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें "पुणेंवैभव" पत्रांत छापवून आणलीं, आणि एका दुपारच्या चहाचें मोठें धर्मप्रकरण झालें. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली. बातमींत चहा होता तो खरा. परंतु कोणी किती आणि कोणत्या भावनेनें घेतला हा भेद वर्तमानपत्राच्या यादींत नाहींसा झाला होता.

एकाच यादींतील माणसें निरनिराळीं वागलीं. कित्येकांनीं आपण चहा प्यालोंच नाहीं असें सांगितलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें आहे असें पुढें मांडलें. रानड्यांनीं स्वतःपुरता गोंगाट दीर्घकाळ सोसला, आणि इ. स. १८९२ मध्यें मित्रांची घरगुती अडचण दूर व्हावी म्हणून त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतलें. तें रमाबाई रानडे ह्यांना रुचलें नाहीं, हें त्यांनीं इ. स. १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मोकळेपणानें लिहिलें आहे. रानड्यांनीं केलें तें योग्य कीं अयोग्य, ह्यावर आजहि दोन मतें होतील. आपण शिकावयाचें तें हें कीं, लोकांच्या बोलण्याचा घाव ज्याच्यावर पडतो त्याच्या एकट्यावर पडत नाहीं. त्याच्या घरांतील माणसें, पत्नी, आईबाप, मुलें हीं त्याच्याहूनहि मुकाट्यानें तो सोसतात.

बोलणें सर्वस्वी अन्यायाचें असेल तर काय करावें, ह्याचा धडा सावित्रीबाई फुले ह्यांच्या आयुष्यांत आहे. जोतीरावांनीं इ. स. १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातां येतां लोक त्यांच्या अंगावर शेणमाती टाकीत, हें सर्वश्रुत आहे. परंतु परक्यांच्या शेणापेक्षां घरच्यांच्या तोंडून ऐकलेलें गांवचें बोलणें अधिक लागतें. ऑक्टोबर १८५६ मध्यें सावित्रीबाई आजारपणानंतर नायगांवीं माहेरीं होत्या, तेथून त्यांनीं जोतीरावांना पत्र लिहिलें. त्यांत त्या सांगतात कीं, ज्या भावानें शुश्रूषा केली तोच भाऊ बोलतां बोलतां म्हणाला कीं, तुम्हां दोघांना वाळींत टाकलें हें योग्यच झालें. तुम्ही अस्पृश्यांसाठीं जें करतां त्यानें कुळाला बट्टा लागतो. आईहि त्या बोलण्यानें कष्टी झाली.

ह्या जागीं क्रोध येणें किती सोपें होतें! दुखणाईत बहीण, आणि तिला माहेरच्या ओसरीवर हें ऐकावें लागलें. सावित्रीबाई उठून गेल्या नाहींत, रडत बसल्या नाहींत, आणि भावाच्या माघारीं आईजवळ त्याची निंदाहि केली नाहीं. त्यांनीं त्यालाच समोर ठेवून उत्तर दिलें: जो तूं गाईबकऱ्यांना प्रेमानें कुरवाळतोस आणि नागपंचमीला विषारी सापाला दूध पाजतोस, तो तूं माणसाला दूर कां लोटतोस? भाऊ विचारांत पडला व शरमला; आईचे डोळे भरून आले. गांवानें जी गोष्ट "ते दोघे" म्हणून चालविली होती ती सावित्रीबाईंनीं "तूं आणि मी" ह्या शब्दांत आणली, आणि त्या भावाच्या मनांतील निंदेचा जोर तेथें ओसरला. सगळ्या गांवाला उत्तर देण्याच्या भरीस त्या पडल्या नाहींत. समोर बसलेल्या एकाला मात्र त्यांनीं पुरें उत्तर दिलें.

परंतु कधीं कधीं बोलणारा दूर असतो, किंवा त्याला सत्य ऐकावयाचेंच नसतें. त्या प्रसंगीं पवित्र शास्त्रांतील नहेम्याचें चरित्र वाचावें. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांत तो यरुशलेमेचा पडलेला तट बांधीत होता. शत्रु सनबल्लट ह्यानें त्याला उघडें पत्र पाठविलें, अशासाठीं कीं वाटेंतील प्रत्येकानें तें वाचावें. त्यांत लिहिलें होतें कीं, तूं बंड करून राजा होणार अशी चहूंकडे वदंता आहे. नहेम्यानें थोडक्यांत कळविलें कीं असें कांहीं नाहीं, हें तुझ्याच मनांतून निघालें आहे. मग त्यानें देवाजवळ हातांना बळ मागितलें आणि पुन्हां दगड उचलला. बावन्न दिवसांत तट पुरा झाला. त्यानें एकदां स्पष्ट नकार दिला, कारण मौनाचा विपर्यास होतो. दहादां दिला नाहीं, कारण मग तट राहिला असता. बाकीचें उत्तर तटानें दिलें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या सर्वांतून तुमच्या रोजच्या उपयोगाचे चार नियम निघतात. पहिला, कान तापले असतां तोंड उघडूं नये, आणि मोबाईलवर बोटहि चालवूं नये. एक रात्र जाऊं द्यावी. ग्रुपमध्यें रागानें लिहिलेलें उत्तर ज्यांना मूळ गोष्ट ठाऊक नव्हती त्यांनाहि ती ठाऊक करून देतें. दुसरा, विश्वासाच्या एका वडील माणसाला सर्व सांगावें: आई, वडील, मोठी ताई किंवा शिक्षक. संशय एकान्तांत वाढतो आणि सोबतींत खुरटतो. तिसरा, बोलणारा ओळखीचा असेल तर त्याला एकटा गांठून शांतपणें विचारावें. आधीं दोघांतच बोलावें, अशी शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनेंच घालून दिली आहे. चौथा, आपलें काम सोडूं नये. धडा, खेळ, प्रार्थना, घरचें दूधपाणी, जें काल चालूं होतें तें आजहि चालूं ठेवावें. मात्र कोणी धमकी देत असेल, छायाचित्रें पसरवीत असेल, किंवा नित्य छळ करीत असेल, तर ती कुजबूज राहिली नाहीं, तो अपराध झाला. तो एकट्यानें सोसूं नये. त्याच दिवशीं वडिलांना व शाळेला सांगावा.

आतां पालकांस दोन शब्द. डोंगरकडच्या वाडीवस्त्यांतून कितीतरी मुली पायीं आणि एस्. टी. नें शाळेस येतात. अशा एखाद्या मुलीविषयीं कोणीतरी म्हणतो, "ती थांब्यावर एका मुलाशीं बोलत होती." तिनें कदाचित् गाडीची वेळ विचारली असेल, कदाचित् वही परत दिली असेल. तें वाक्य संध्याकाळपर्यंत वाडीवर पोहोंचतें, आणि पुढच्या सोमवारीं बाकावरची तिची जागा रिकामी दिसते. असा रिकामा बाक बहुतेक शिक्षकांनीं पाहिलेला आहे. बापाच्या मनाला अब्रूचें भय वाटतें हें आम्ही जाणतों. त्यालाहि चार लोकांत बसावयाचें असतें. परंतु ज्यांनीं तें वाक्य पसरविलें ते दोन दिवसांत दुसऱ्या गोष्टीला लागतात, आणि त्या मुलीचा मात्र जन्म बदलून जातो. लोकांच्या एका वाक्याची किंमत मुलीच्या सगळ्या शिक्षणानें भरणें हा कोठला हिशेब? म्हणून पालकहो, अशी बातमी कानीं आली तर आधीं आपल्या मुलीला जवळ बसवा. तिला "तूं" म्हणून विचारा, आणि तिचें उत्तर शेवटपर्यंत ऐका. गांवानें तिला "ती" केलें असतां बापानेंहि "ती" म्हटलें, तर तिनें कोणाच्या दाराशीं जावें? मुलाच्या बाबतींतहि हेंच. चोरीचा आळ आलेल्या मुलाला घरांत प्रथम मार आणि मागाहून प्रश्न, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती उलटी केली पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपण सर्वांनींच मनाशीं धरावयाची आहे. उपदेशक नांवाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायांत एक मोठा व्यवहारी बोध आहे. लोक बोलतात त्या प्रत्येक शब्दाकडे कान देऊं नको, नाहींतर आपला चाकरच आपल्याला शिव्या देत असल्याचें ऐकूं येईल. आणि आपणहि इतरांविषयीं असेंच कितीदां बोललों आहों हें आपल्या अंतःकरणाला ठाऊक असतें, असा त्याचा आशय आहे. आपल्याविषयींचें बोलणें ऐकून जो दाह झाला तो आठवणींत जपून ठेवावा; मात्र सूड उगविण्यासाठीं नव्हे. उद्यां जेव्हां आपल्या कानाशीं कोणी "तुला म्हणून सांगतों" म्हणेल, तेव्हां तो दाह आठवला तर आपलें तोंड आपोआप मिटेल, आणि नाणेघाटाच्या रांजणांत आपलें नाणें पडणार नाहीं.

आणि एवढ्यानेंहि काम पुरें होत नाहीं. आपल्या वर्गांत कोणीतरी चार दिवस गप्प आहे, डबा एकटाच खातो आहे, खेळाच्या तासाला दुखणें सांगून बसून राहतो आहे. त्याच्याविषयीं काय बोललें जात आहे तें आपणां सर्वांना ठाऊक असतें, आणि आपल्याला तें ठाऊक आहे हें त्यालाहि कळतें. त्याची ताटी आंतून लागली आहे. मुक्ताबाई तेव्हां तुमच्याहूनहि लहान होती. उद्यां मधल्या सुट्टींत त्याच्याजवळ जावें, त्याला त्याच्या नांवानें हांक मारावी, आणि आपला डबा त्याच्या शेजारीं उघडावा.